एकोणसत्तर म्हणजे किती?

दिवेलागणीनंतर मुलांस परवचा म्हणावयास बसविण्याची चाल आमच्या घरीं अद्यापि मोडलेली नाहीं. मुलें इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत जातात, म्हणून तर ती आम्हीं मुद्दाम राखली आहे. परवां पुतण्याची धाकटी कन्या मध्येंच थांबली व म्हणाली, "आजोबा, एकोणसत्तर म्हणजे सिक्स्टी नाइन कीं सेव्हंटी नाइन?" मंडळी हंसली. आमचे दादा म्हणाले, "घ्या! मराठी बुडाली ती अशी." आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. हाच प्रश्न पूर्वीं एकदां निराळ्या तोंडून आम्हीं ऐकला होता, आणि त्यास आम्हीं दिलेलें उत्तर आठवलें कीं अजून मान खालीं जाते.

गोष्ट तीस-पस्तीस वर्षांपूर्वींची. अंबड तालुक्यांतील एका खेड्यांत आम्ही शाळामास्तर होतों. अंकलेखनाच्या तासाला आम्हीं "एकोणसत्तर" म्हणतांच एका शेतमजुराच्या मुलानें पाटीवर ७९ काढले. दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच. आम्हीं रागें भरलों तेव्हां तो म्हणाला, "गुर्जी, सत्तर म्हनलं ना तुमी? मंग सात कामून नाही?" उत्तरादाखल त्याच्या हातावर छडी बसली. पुढें तो हळूहळू शाळेंत येईनासा झाला. सुगीचे दिवस होते, घरीं दारिद्र्यही होतें. कारणें अनेक असतील. परंतु त्यांत आमची छडी नव्हतीच, असें छातीस हात लावून आमच्यानें सांगवत नाहीं.

कारण त्या पोराचा तर्क बिनचूक होता. सत्तर ऐकलें कीं सात लिहावे, हेंच त्यास शिकविलें होतें. एकोणसत्तर हें मूळचें संस्कृत 'एकोनसप्तति'. 'ऊन' म्हणजे उणें, एकानें उणें असलेले सत्तर. हें आम्ही पाठशाळेंत शिकलों होतों, पण वर्गांत सांगण्याचें कधीं सुचलें नाहीं. किल्ली आमच्या खिशांत होती आणि कुलुपाशीं झगडणाऱ्या पोरास आम्ही मारीत होतों!

भाषेचा एखादा भाग अवघड कीं सोपा, हें ठरवावयाचें कसें? ती भाषा ज्याच्या जिभेवर बसली आहे त्यास विचारून उपयोग नाहीं. पोहणाऱ्यास पाण्याची खोली जाणवत नाहीं. शिकणाऱ्यास किती गोष्टी निव्वळ पाठ कराव्या लागतात आणि किती नियमानें कळतात, हें मोजावें, म्हणजे माप हातीं येतें. आम्हीं एके दिवशीं कागद घेऊन बसलों. तेलुगु मुलास एकापासून विसापर्यंतचीं नांवें, पुढें तीस ते नव्वद हीं दशकांचीं सात आणि शंभर, इतकीं अठ्ठावीस नांवें आलीं कीं शंभरापर्यंतची वाट मोकळी. बाहत्तर म्हणावयाचे झाल्यास तो 'डेब्बै रेंडु', म्हणजे 'सत्तर दोन' म्हणतो. इंग्रजीचेंही तेंच. चिनी मुलास तर 'सात-दहा-दोन' म्हटलें कीं झालें. आमच्या मुलास मात्र जवळजवळ शंभरही नांवें स्वतंत्र घोकावीं लागतात. बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव ह्या नऊ नांवांत 'दोन' हा शब्द एकदांही येत नाहीं. सहाचे वेष पाहा: सोळा, सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर! शिवाय बोलतांना दोन आधीं, सत्तर मागून. लिहितांना सात आधीं, दोन मागून. जर्मन भाषेंतही हा उलटा क्रम आहे, पण तेथें शब्द तरी मोडत नाहींत. हिंदी, गुजराती, बंगाली ह्या आमच्या भगिनी आमच्यासारख्याच अडचणींत आहेत.

२०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'सत्तर दोन' अशी वाचनाची रीत दिली गेली, तेव्हां केवढें वादळ उठलें हें वाचकांस स्मरत असेल. गणिताच्या समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर स्वतः गणितज्ञ होत्या. जोडाक्षरें व उलटा क्रम ह्यांमुळें लहान मुलें गणितास बिचकतात, असें त्यांचें म्हणणें. जुनीं नांवें पुस्तकांतून काढलेलीं नव्हतीं. तरी वृत्तपत्रांत टीका झाली आणि विधानसभेंत थट्टाही झाली. आमच्या ओसरीवरही दोन पक्ष पडले. दादा म्हणाले, "आज बाहत्तर गेले, उद्यां सारी भाषा जाईल!" वहिनी म्हणाल्या, "मुलांना शिकवायला तुम्ही कधीं बसलांत? बसतें तें मी." ह्यावर दादांनीं पानाचा डबा पुढें ओढला.

दादांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हे. "बारा सक बाहत्तर" ह्यांतील ठेका "बारा सक सत्तर दोन" म्हणतांच लंगडा होतो. पाढे ध्यानांत राहतात ते त्या ठेक्यावरच. छत्तिसाचा आंकडा आणि पांचाचे पन्नास हीं आमच्या बोलण्यांतून सहजीं जाणार नाहींत, जाऊंही नयेत. पण 'सत्तर दोन' ही रीत परकी आहे, हें मात्र आम्हांस पटत नाहीं. आमच्या लहानपणीं जालन्यास गोवऱ्या विकावयास येणारी एक निरक्षर म्हातारी बाहत्तर गोवऱ्या "तीन विसा नि बारा" अशा मोजून देई. तिची चूक कधीं सांपडली नाहीं. मोठा थोक आधीं आणि सुटे मागून, ही मोजणी आमच्या खेड्यापाड्यांत होतीच. ती शाळेंत आली नाहीं इतकेंच.

आणि आम्ही भाषा राखली म्हणावें, तर ती राखली कोठें? गेल्या महिन्यांत दादांनीं फोनवर आपला नंबर सांगितला तो "नाइन एट" पासून. 'सत्तर दोन' ऐकून ज्यांस संताप आला, त्यांच्याच घरांत 'सेव्हंटी टू' सुखानें नांदत आहे! अवघड जागीं माणूस फार काळ उभा राहत नाहीं. पायरी न दिली तर तो शेजारच्या जिन्यानें जातो.

म्हणून आम्हीं आतां परवच्याची रीत थोडी बदलली आहे. त्या दिवशीं नातीस जवळ घेतलें आणि सत्तर चिंचोके मांडून त्यांतला एक उचलला. "सत्तरांत एक उणा तो एकोणसत्तर." ती क्षणभर थांबली, आणि म्हणाली, "मग एकोणऐंशी म्हणजे ऐंशीतला एक काढायचा!" पुढें पुसलें, "मग नव्व्याण्णवला एकोणशंभर कां नाहीं म्हणत?" संस्कृतांतही 'नवनवति' हें नांव आहे, एवढेंच आम्हीं सांगूं शकलों. प्रश्न मात्र अगदीं त्या पोराच्या जातीचा होता. त्यास असे चिंचोके मांडून दाखवावयास आम्हांस पांच मिनिटेंही लागलीं नसतीं.