बरळणारें यंत्र

मुक्या यंत्रापेक्षां बरळणारें यंत्र माणसास अधिक फसवितें, असा आमचा अनुभव आहे. २०१६ सालीं निघालेल्या ‘रास्पबेरी पाय ३’ या तळहाताएवढ्या संगणक-फलकाच्या ८ व १० क्रमांकांच्या पिनांना आम्हीं जीपीएस मॉड्यूल जोडलें. फलक स्वस्थ असतां अक्षरें शुद्ध येत; त्याचें काम वाढलें कीं त्यांचा चिखल होई. आम्हीं दुकानदारास चारचौघांत दोष दिला व मॉड्यूल बदलून आणलें. नवेंही तसेंच बरळलें!

तेव्हां कोठें आम्हीं माहितीपत्रक उघडलें. (तें आधीं वाचावें, असें इतरांस आम्ही नेहमीं सांगतों.) या फलकाच्या चिपमध्यें अक्षरांची ने-आण करणारे यूआर्ट दोन. पैकीं ‘पीएल०११’ स्वतंत्र घड्याळानें चालतो. ‘मिनी’ मात्र गाभ्याच्या घड्याळास बांधलेला. गाभा २५० मेगाहर्ट्झवरून ४०० वर गेला, कीं ९६०० ची बॉडगति १५३६० होणार! आणि पीएल०११ ब्लूटूथच्या दिमतीस दिलेला असल्यानें आमच्या पिनांच्या वांट्यास मिनीच आला होता. ब्लूटूथशीं आम्हांस कर्तव्य नव्हतें. कॉन्फिग फाइलींत तें बंद करणारी एक ओळ लिहितांच अक्षांश-रेखांश सुरळीत वाहूं लागले.

दुसऱ्या दिवशीं दुकानांत जाऊन आम्हीं चूक कबूल केली. दुकानदारानें निमूटपणें कपाटांतून आमचें पहिलें मॉड्यूल काढलें. त्यावर ‘खराब’ अशी चिठी होती. ती सोलून आम्हीं तें पुन्हा विकत घेतलें.