सिलिंडरचा अक्ष

खुर्चीत ताठ बसलेल्या माणसाला टेबलावर उताणं झोपवलं की त्याचा डोळा स्वतःभोवती किंचित फिरतो. बहुतेकांत हे फिरणं दोन-चार अंशांचं असतं, काहींत दहाच्याही पुढे जातं. नुसता मायनस नंबर असेल तर याने काही बिघडत नाही, कारण गोल नंबराला दिशाच नसते. सिलिंडर, म्हणजे ठरावीक दिशेचा नंबर, असला की मात्र सगळा हिशेब या दोन-चार अंशांवर येऊन ठेपतो. नंबर तपासायचा बसवून आणि लेसर करायचा झोपवून, ही आपल्या कामातली जुनी अडचण आहे. पीआरके, लॅसिक आणि स्माईल यांची तुलना आज दुखणं, फ्लॅप, कोरडेपणा आणि खर्च यांवर चालते. नांदेडच्या विष्णुपुरी परिसरात वैद्यकीय महाविद्यालय, अभियांत्रिकी महाविद्यालय आणि विद्यापीठ जवळजवळ असल्यामुळे नंबर काढायला येणारी मुलंही हीच तुलना पाठ करून येतात. माझं म्हणणं असं की ज्या डोळ्यात दीड-दोनच्या वर सिलिंडर आहे, त्याच्यापुरता पहिला प्रश्न अक्षाचा असला पाहिजे.

गणित सोपं आणि निष्ठुर आहे. अक्ष ५ अंशांनी चुकला तर मूळ सिलिंडरचा सुमारे १७ टक्के भाग शिल्लक राहतो, १० अंशांनी चुकला तर ३५ टक्के, १५ अंशांनी चुकला तर निम्म्याहून थोडा जास्त. ३० अंशांची चूक झाली तर सगळा सिलिंडर तसाच उरतो, फक्त दिशा बदलून. एक डायॉप्टरच्या डोळ्यात ५ अंश कुणाला जाणवणारही नाहीत. तीन डायॉप्टरच्या डोळ्यात तेच ५ अंश अर्धा डायॉप्टर मागे ठेवतात, आणि तोही पेशंटच्या सवयीच्या नसलेल्या दिशेत. तक्ता तो ६/६ वाचतो, पण रात्री समोरच्या गाडीचे दिवे ओढल्यासारखे दिसतात म्हणून परत येतो. आता हे ५ अंश कॉर्नियावर किती जागा व्यापतात ते पाहा. साडेअकरा मिलिमीटर व्यासाच्या कॉर्नियाचा परीघ सुमारे ३६ मिलिमीटर, म्हणजे एक अंश बरोबर एक दशांश मिलिमीटर. स्लिट लॅम्पवर आपण शाईची जी खूण करतो, ती अश्रूंत पसरून सहज अर्ध्या मिलिमीटरची होते. म्हणजे खुणेची रुंदीच ५ अंश. समोरासमोरच्या दोन खुणांचे मध्य जोडले तर चूक कमी होते, हे खरं. तरी डोकं जरा कललेलं असताना लावलेल्या दोन खुणा एकमेकींना अचूक जुळतात आणि दोन्ही मिळून चुकीचा अक्ष दाखवतात.

तीन पद्धतींतला फरक इथे उघडा पडतो. पीआरके आणि लॅसिक दोन्ही एक्सायमर लेसरवर चालतात; लॅसिकमध्ये त्याआधी कॉर्नियाचा वरचा पातळ थर फ्लॅप म्हणून उचलतात. जैविक ऊती न जळता १९३ नॅनोमीटरच्या किरणांनी थराथराने उडवता येतात, हे १९८१मध्ये दाखवून देणाऱ्यांत मद्रासमध्ये शिकलेले रंगास्वामी श्रीनिवासन होते. बसलेल्या माणसाच्या बाहुलीभोवतालच्या पडद्याचं (आयरिसचं) चित्र झोपल्यावरच्या डोळ्याशी जुळवून बघण्याची सोय या यंत्रांत गेली अनेक वर्षं आहे. फिरलेले अंश यंत्र स्वतः मोजतं आणि लेसर तेवढा वळवतं. स्माईलची वाट वेगळी. जर्मनीत सेकुंडो आणि ब्लूम यांनी घडवलेल्या या पद्धतीत फेम्टोसेकंद लेसर कॉर्नियाच्या आतच लेंटिक्यूल, म्हणजे भिंगाच्या आकाराची चकती, कापतो आणि दोन-चार मिलिमीटरच्या छेदातून ते बाहेर काढलं जातं. डोळा यंत्राच्या शंकूला सक्शनने धरलेला असल्यामुळे लेसर चालू असताना तो फिरत नाही, हा मोठा फायदा. पण धरण्याच्या क्षणी तो किती फिरलेला होता, हे जुन्या यंत्राला कळत नव्हतं. ते सर्जनने शाईच्या खुणेवरून ओळखायचं आणि शंकू हाताने हलकेच वळवून जुळवायचं. अमेरिकेच्या एफडीएने स्माईलला मायनस नंबरासाठी २०१६मध्ये मान्यता दिली, सिलिंडरसाठी २०१८मध्ये. सुरुवातीच्या अभ्यासांत स्माईलनंतर सिलिंडर थोडा कमी सुटलेला दिसे, आणि अनेक सर्जन आजही तो भरून काढायला आकडा वाढवून घालतात. मला हा उपाय अर्धवट वाटतो. आकडा वाढवल्याने सिलिंडरची ताकद सुधारते, दिशा सुधारत नाही, आणि चुकलेल्या दिशेत जास्त ताकद घातली तर उरलेला नंबर वाढूही शकतो.

हाताने खूण करूनही स्माईलचे निकाल लॅसिकच्या बरोबरीचे येतात, असा आक्षेप स्माईल करणारे सहकारी घेतात. सरासरीपुरता तो मान्य आहे. पण सरासरीत अर्ध्या-पाऊण सिलिंडरचे डोळेच जास्त असतात, आणि तिथे अक्षाची चूक दिसतच नाही. प्रश्न अडीच-तीनवाल्यांचा आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार. काही नवी यंत्रं डोळ्याचं फिरणं स्वतः ओळखून जुळवतात, मग हा वाद संपला नाही का? यंत्राच्या बाजूने तो बराचसा संपला, हे मान्य करताना मला जड जातं, आणि त्यामागे गर्व आहे. सरळ खूण लावता येणं ही माझ्या हाताची मिरवण्याची गोष्ट होती; तिची गरज संपते आहे हे मनाला रुचत नाही. पण गर्व बाजूला ठेवूनही एक गोष्ट उरते. यंत्र जुळवतं तो अक्ष आपण दिलेला असतो.

तो अक्ष आज कसा ठरतो? बऱ्याच ठिकाणी ऑटोरिफ्रॅक्टोमीटरच्या चिठ्ठीवरून. रेटिनोस्कोप धरून नंबर तपासणारे कमी होत चालले आहेत, आणि जॅक्सनच्या क्रॉस सिलिंडरने अक्ष पडताळायला लागणारी दहा मिनिटं गर्दीत कुणी देत नाही. चष्म्याचा अक्ष आणि टोपोग्राफीतला, म्हणजे कॉर्नियाच्या नकाशातला, अक्ष जुळत नाहीत तेव्हा खरा पेच पडतो, कारण सिलिंडरचा काही भाग कॉर्नियात नसून आतल्या भिंगात असतो. ऑस्ट्रेलियाच्या नोएल अल्पिन्स यांनी १९९०च्या दशकात व्हेक्टरच्या गणिताने या दोन अक्षांमधली तडजोड मांडली. ती कुठे करायची आणि कुठे लेसरच करायचा नाही, हे कोणतंही यंत्र सांगत नाही.

न करण्याचा प्रश्न आपल्याकडे जास्त येतो. नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीपुढच्या माणसांचं जे मोठं सर्वेक्षण झालं, त्यात कॉर्नियाची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन निघाली आणि ४८ डायॉप्टरची वक्रता हा निकष धरून केराटोकोनस, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा फुगण्याचा आजार, २.३ टक्के लोकांत आढळला. टोपोग्राफीशिवाय काढलेला हा आकडा फुगलेला असू शकतो, पण दुर्लक्ष करण्याइतका नाही. त्यात मराठवाड्यातलं ऊन, धूळ आणि ॲलर्जीने डोळे चोळणारी मुलं. ज्याचा सिलिंडर दरवर्षी वाढतो आणि अक्ष सरकतो, त्याच्यासाठी तिन्ही पद्धती सारख्याच वाईट. जाडी बेताची पण टोपोग्राफी निर्दोष असेल तर मी जुन्या पीआरकेच्या बाजूने आहे. त्यात फ्लॅप नाही, म्हणून कॉर्नियाची ताकद जास्त टिकते. कबड्डीत डोळ्याला मार लागला तरी सरकायला काही नाही. आणि अक्ष यंत्र जुळवतं. स्माईलमध्येही फ्लॅप नसतो, पण लेंटिक्यूल हाताळता यावं म्हणून त्याच्या तळाशी दहा-पंधरा मायक्रॉन जादा खर्ची पडतात. पीआरकेमध्ये तीन-चार दिवस दुखतं, नजर सावकाश येते, मोठ्या नंबरात धूसरपणाचा धोका राहतो, त्यासाठी मायटोमायसिन आणि उन्हात काही महिने गॉगल लागतो. हा तोटा भरून येणारा आहे. पातळ कॉर्नियावर फ्लॅप कापून पुढे कॉर्नियाच फुगला, तर तो तोटा भरून येत नाही. भरतीची तयारी करणाऱ्यांनी एक हिशेब मांडावा. हवाई दलाच्या अधिकारी भरतीच्या निकषांत लेसरनंतर किमान ४५० मायक्रॉन जाडी मागितलेली आहे. ५१४मधून ४५० वजा केले की उरतात ६४, आणि सहा मिलिमीटरच्या झोनला डायॉप्टरमागे १२ मायक्रॉन लागतात. म्हणजे सिलिंडर धरून सव्वापाच डायॉप्टरच्या आसपास हद्द संपते.

नांदेड-लातूरला लग्न ठरलं म्हणून किंवा भरती तोंडावर आली म्हणून घाईने नंबर काढायला येणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. फलकावर कोणत्या लेसरचं नाव आहे ते नंतर बघा. सॉफ्ट लेन्स एक-दोन आठवडे आधी बंद करा. नंबर वर्षभर स्थिर आहे याचे जुने कागद सोबत आणा. सिलिंडर दीडच्या वर असेल तर वेगवेगळ्या दिवशी दोनदा तपासून घ्या आणि दोन्ही वेळचा अक्ष लिहून मागा. दोन्हींत पाच अंशांहून जास्त फरक असेल, तर लेसरची तारीख पुढे ढकला.