मूळव्याध आणि घरचे ताट

काही रोग मनुष्य सोसतो, परंतु सांगत नाही. मूळव्याध हा त्यांतील अग्रणी होय. संस्कृतात यास ‘अर्श’ म्हणतात. ‘अरि’ म्हणजे शत्रू, त्याप्रमाणे छळतो म्हणून हे नाव, अशी त्याची उपपत्ती वाग्भटाने दिली आहे. परंतु या शत्रूहूनही लज्जा अधिक घात करते, असे आमचे मत आहे. एकत्र कुटुंबातील सुनांची स्थिती पाहावी. सर्वांची पाने वाढून झाल्यावर उरेल ते खावे, पाणी पिण्यास सवड नसावी, गर्भारपणी हा विकार बळावला तरी ब्रही काढू नये!

वास्तविक याचे मूळ बहुधा मलावरोधात असते. वारंवार कुंथावे लागले की गुदद्वारातील रक्तवाहिन्या फुगतात. मळ मऊ राहण्यास दोन गोष्टी हव्यात, अन्नातील तंतू आणि पाणी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रौढांस दररोज निदान २५ ग्रॅम तंतू सांगितले आहेत. मूळव्याधीच्या ३७८ रुग्णांवरील ७ प्रयोग एकत्र तपासले असता, तंतू घेणाऱ्यांत रक्तस्राव चालू राहण्याचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आल्याचे दिसले.

यासाठी दूर जाण्याचे प्रयोजन नाही. आमच्या बालपणी कोरपना गावी ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण व अंबाडीची भाजी हे नित्याचे जेवण असे. पावसाळ्यात तरोट्याची कोवळी पालेभाजी येई. आता शिवारात कापूस व सोयाबीन, आणि ताटात पांढरा भात. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, तर सडलेल्या तांदळात सुमारे ३. गोळाभात सणावारी अवश्य व्हावा. रोज मात्र एक वेळ भाकरी, एक पालेभाजी, सालीसकट मूग अथवा मटकीची उसळ आणि एखादे फळ असावे. हा पालट हळूहळू करावा, एकाएकी केल्यास पोट फुगते.

चरकसंहितेत अर्शचिकित्सेत ताकाची मोठी प्रशंसा आहे, आणि सुरणाचे तर एक नावच ‘अर्शोघ्न’ आहे. ताकात तंतू नसतात, परंतु आमच्याकडील वैशाखवणव्यात त्यातील पाणी मोलाचे. सुरण चिंच वा आमसूल घालून नीट शिजवावा, नाही तर घसा खाजतो. इसबगोल भरपूर पाण्यासह घ्यावा. अपुऱ्या पाण्याने उलट अवरोध होतो. मिरचीने मूळव्याध होते असे सिद्ध नाही. तथापि दाह असता तिखट कमी करणे बरे. शौचाचा वेग अडवू नये, तेथे वृत्तपत्र घेऊन बसू नये.

आमचा मुख्य आग्रह असा की, पथ्य एकट्यासाठी वेगळे रांधू नये. घरातील सर्वांचेच ताट असे असले, म्हणजे कोणास आपले दुखणे उघड करून भाकरी मागावी लागत नाही. गृहिणीनेही सर्वांबरोबर पानावर बसावे.

मात्र रक्त पडत असेल तर मौन धरू नये. प्रत्येक रक्तस्राव मूळव्याधीचा नसतो. आतड्याच्या कर्करोगाचेही ते चिन्ह असू शकते. अशा वेळी वैद्यकीय तपासणी करवून घ्यावी, आणि वडीलधाऱ्यांनी सुनेस हे बोलण्याची मोकळीक स्वतः होऊन द्यावी.