बाबांचा कॉम्प्युटर आणि सात मिनिटं

दिवाळीला बालाघाटला घरी गेलो, तेव्हा बाबांची एक नवी सवय लक्षात आली. सकाळी लॅपटॉपचं बटण दाबायचं आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवायचं. चहा उकळून, गाळून, दोन कप घेऊन ते परत येईपर्यंत कुठे माऊस हलायला लागायचा. मी घड्याळ लावून पाहिलं. सात मिनिटं!

"म्हातारा झाला बिचारा, माझ्यासारखाच," बाबा म्हणाले.

लॅपटॉप जुना होता हे खरं, पण सात मिनिटं लागण्याइतका नाही. पुण्यात मी दिवसभर लोकांचे सर्व्हर का रखडतात तेच शोधत असतो, आणि घरचा कॉम्प्युटर मात्र कधी उघडून पाहिला नव्हता. लाज वाटली. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या, टास्क मॅनेजर उघडला आणि 'स्टार्टअप'चा भाग काढला. कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप जागे होणारे प्रोग्राम तिथे दिसतात. बाबांच्या यादीत १९ नावं होती.

बाबा चष्मा लावून शेजारी बसले. "एवढे कोणी बसवले रे?"

बसवले आपणच. लॉकडाऊनमध्ये भाचीच्या शाळेसाठी घेतलेले मीटिंगचे दोन प्रोग्राम. विकून टाकलेल्या प्रिंटरचा मदतनीस. भाच्याचा गेम. गाण्यांचा एक. शिवाय स्वतःची नवी आवृत्ती आली का, एवढंच बघायला रोज उठणारे तीन-चार. प्रोग्राम टाकताना आपण 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत जातो. 'कॉम्प्युटरबरोबर सुरू व्हा' ही खूण आधीच केलेली असते, ती कोणी वाचत नाही.

पण १९ प्रोग्रामांना सात मिनिटं का लागावीत? त्याचं उत्तर हार्ड डिस्कमध्ये होतं. बाबांच्या लॅपटॉपमधली डिस्क जुन्या पद्धतीची, मिनिटाला ५४०० फेरे घेणारी. म्हणजे एका फेऱ्याला साधारण ११ मिलिसेकंद. प्रत्येक प्रोग्रामच्या शेकडो लहान फाइल डिस्कवर इकडेतिकडे पसरलेल्या, आणि त्या वाचणारा काटा आळीपाळीने सगळ्यांकडे धावणार. एकाचं काम अर्धं सोडायचं, दुसऱ्याकडे जायचं, परत यायचं.

"म्हणजे छोट्या लाईनवरचं क्रॉसिंग," बाबा म्हणाले. गोंदिया-बालाघाट-जबलपूर नॅरोगेजवर त्यांची उमर गेली. एकच रूळ, समोरून गाडी आली की आपली स्टेशनात उभी. मला इतकं चपखल उदाहरण सुचलं नसतं.

मग ते दुसऱ्या भागात डोकावले. तिथे पडद्यामागे चालणाऱ्या कामांची लांबलचक यादी, आणि 'एसव्हीसीहोस्ट' हे एकच नाव पुन्हा पुन्हा. "हा व्हायरस तर नाही?" नाही. विंडोजच्या स्वतःच्या सेवा या नावाखाली चालतात. पूर्वी बऱ्याच सेवा एका नावाखाली एकत्र असायच्या. २०१७ पासून, पुरेशी रॅम असेल तर, त्या वेगवेगळ्या चालवल्या जातात, म्हणजे एक कोसळली तरी बाकीच्या टिकतात. यादी लांब दिसते ती त्यामुळे. अशा पडद्यामागच्या कामांना युनिक्सच्या जगात 'डीमन' म्हणतात. हे नाव एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमधल्या लोकांनी १९६३ मध्ये वापरायला सुरुवात केली. मॅक्सवेल या शास्त्रज्ञाच्या कल्पनेत गुपचूप रेणू निवडत बसणारा एक 'डीमन' होता, त्यावरून. न दिसता, न थकता काम करणारा. आपल्याकडचा राखणदारच म्हणा ना! तेव्हा न दिसणारा प्रत्येकजण फुकट खाणारा नसतो, असं मी बाबांना ऐटीत सांगितलं.

आणि पुढच्या पाच मिनिटांत स्वतःच विसरलो.

बाबा पूजेसाठी उठले तेव्हा मी एकेक नाव 'डिसेबल' करत सुटलो. एका ओळीत चार अक्षरांचं विचित्र नाव होतं, बनवणाऱ्याची जागा रिकामी. कसलंतरी भंगार, असं म्हणून तेही बंद केलं. १९ चे ४ उरले, सात मिनिटांची साडेतीन झाली. आईने कौतुक केलं. मी खुशीत पुण्याला परतलो.

तीन आठवड्यांनी फोनवर सहज विचारलं, "बाबा, लिखाण कुठवर आलं?" वर्षभरापासून ते आमच्या घराण्याची हकीकत लिहीत होते. पणजोबा भंडाऱ्याकडून इकडे आले, तेव्हा सगळा मुलूख मध्य प्रांतच होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. एकाच घरातल्या बहिणी दोन राज्यांच्या झाल्या. बाबांची शाळा हिंदी. मराठी त्यांना आजीने घरी शिकवली. म्हणून ही हकीकत मराठीतच लिहायची असा त्यांचा हट्ट.

"सध्या वहीतच लिहून राहिलो."

"का?"

थोडं थांबून म्हणाले, "त्यात मराठी उमटत नाही आता. इंग्रजीच येते. माझ्याकडूनच काही दाबलं गेलं असेल. तू कामात राहतोस, म्हणून नाही सांगितलं."

माझ्या पोटात गोळा आला. ते चार अक्षरांचं 'भंगार' म्हणजे दुकानदाराने टाकून दिलेला मराठी टायपिंगचा प्रोग्राम होता. तीन आठवडे बाबा रोज लॅपटॉप उघडत होते, तो पूर्वीपेक्षा लवकर सुरू होत होता, आणि तरी त्यांना वाटत होतं की आपल्यालाच आता जमत नाही.

फोनवरच त्यांना ती ओळ शोधायला लावली. 'डिसेबल' म्हणजे काढून टाकणं नव्हे, तिथेच 'एनेबल' करता येतं. लॅपटॉप पुन्हा सुरू होईपर्यंत आम्ही साडेतीन मिनिटं हवापाण्याच्या गोष्टी बोललो. मग कळा वाजल्या. "आलं रे," बाबा म्हणाले. चूक माझी होती, हे मी त्यांना दोनदा सांगितलं.

तुमच्याही घरी आईबाबांचा कॉम्प्युटर रखडत असेल, तर स्टार्टअपची यादी जरूर बघा. मात्र ज्यांचा कॉम्प्युटर आहे त्यांना शेजारी बसवूनच. मीटिंग, गाणी, गेम आणि जुन्या प्रिंटरचे प्रोग्राम निर्धास्त बंद करा. लागतील तेव्हा हाताने उघडता येतात. अँटीव्हायरस, टायपिंग, टचपॅड, आवाज आणि फोटोंची प्रत इंटरनेटवर ठेवणारा प्रोग्राम यांना हात लावू नका. नाव अनोळखी असेल तर त्यावर उजवं बटण दाबून 'सर्च ऑनलाइन' करा. एका वेळी एक-दोनच बंद करा आणि दोन दिवस वापरून पाहा. एवढं करूनही वेळ लागत असेल, तर जुनी डिस्क काढून एसएसडी बसवा. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे क्रॉसिंगची भानगडच नाही.

उन्हाळ्यात मी तीच बसवली. आता लॅपटॉप मिनिटभरातही सुरू होतो. बाबा चहा ठेवायला मात्र अजून उठतात. लॅपटॉपच्या पिशवीत त्यांची एक वही असते. पानावर तीन रकाने आखलेत: प्रोग्रामचं नाव, कोणाच्या कामाचा, बंद केल्याची तारीख. पहिल्याच ओळीत त्या चार अक्षरांपुढे लिहिलंय, 'माझ्या कामाचा. बंद करू नये.'