भिंतीचा आधार

गेल्या वर्षीची गोष्ट. फज्रची नमाज पढत होते. पहिली रकात संपवून सजद्यातून उभी राहताना माझा उजवा हात आपोआप बाजूच्या भिंतीवर गेला. भिंत धरूनच मी उठले. सलाम फेरून मागं पाहिलं, तर अम्मी खुर्चीत बसून माझ्याकडंच पाहत होती. तिला खुर्चीवर नमाज पढायला लागून आता चार वर्षं झालीत. तसबीहवरचं बोट थांबवून ती म्हणाली, "मेरा बी ऐसाच शुरू हुआ था बेटी. पयले दीवार, फिर पलंग, फिर कुर्सी."

अम्मीचं वय ६२. माझं ३८.

म्हातारपण म्हणजे ५८व्या वर्षी सेवानिवृत्तीच्या पत्रासोबत येणारी गोष्ट, असा माझा समज. ते पहाटेच्या अंधारात, भिंतीवर ठेवलेल्या हाताच्या रूपानं एवढ्या लवकर हजेरी लावेल, असं कधी वाटलं नव्हतं.

मी मुळशी तालुक्यात राहते आणि उर्दू शाळेत शिकवते. अब्बांच्या पश्चात अम्मी माझ्याकडंच असते. लेकीच्या घरी राहणं आपल्याकडे कमीपणाचं मानतात. तिलाही सुरुवातीला ते जड गेलं. त्यात साखरेचा आजार आणि गुडघे. खुर्चीवर नमाज पढायला परवानगी आहे, हे तिला ठाऊक आहे. तरी पहिल्या दिवशी ती खुर्चीवर बसून रडली होती. "जमीनपे माथा टेकने का सुकून कुर्सीपे नै आता," एवढंच म्हणाली. त्या वेळी मला वाटलं, वयच झालंय. आता कळतं, की ते वय एका दिवसात झालेलं नव्हतं.

त्या सकाळी मला आणखी एक जुनी गोष्ट आठवली. माझ्या धाकट्याच्या वेळी सहाव्या महिन्यात रक्तातली साखर वाढली होती. बाळंतपणानंतर ती उतरली. दवाखान्यातल्या बाईंनी बजावलं होतं, "दर वर्षी तपासून घ्या. गरोदरपणात साखर वाढलेल्या बायांना पुढं मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते." मी मान डोलावली आणि घरी आले. मग बारशाची दावत, शाळा, निवडणुकीची कामं, अब्बांचं आजारपण. आठ वर्षं गेली. धाकट्याच्या दप्तराचं वजन मी दर वर्षी पाहिलं, स्वतःचं रक्त एकदाही तपासलं नाही.

अखेर पिरंगुटला जाऊन तपासणी केली. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा आला ६.१. सहापूर्णांक पाच झाला की मधुमेह. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. मी उंबरठ्यावर उभी होते.

घरात सगळ्यांना नवल वाटलं. माझं वजन ५२ किलो. "हड्डी-हड्डी है, इसकू कायकी शुगर?" असं खाला म्हणाली. मलाही तसंच वाटत होतं. पण या प्रश्नाचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात शोधलं गेलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बाया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास सुरू केला. ही बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळं हडकुळी. पण मोजून पाहिलं तेव्हा दिसलं, की कमी पडलेत ते स्नायू, चरबी मात्र त्या मानानं टिकून आहे. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच दाखला दिला. उंचीच्या मानानं वजनाचा आकडा दोघांचा एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून मात्र चरबीदार. आपल्यापैकी कितीतरी जण असेच आहोत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत दहा कोटींहून अधिक लोक मधुमेही आणि तेरा कोटींहून अधिक माझ्यासारखे उंबरठ्यावरचे निघाले.

म्हणजे वजनकाट्यावर आपलं समाधान टिकवता येणार नाही. स्नायू किती आहेत, हे महत्त्वाचं. तिशी उलटल्यावर ते हळूहळू कमी होऊ लागतात. बायांची पाळी आपल्याकडे ४६-४७च्या सुमारास थांबते आणि मग हाडंही भराभर झिजू लागतात. हे वाचताना मला माझी नानी आठवली.

नानी ऐंशीच्या आसपास गेली. शेवटच्या वर्षापर्यंत ती जमिनीवर बसत होती आणि जमिनीवरून उठत होती. चूल जमिनीवर, पाटा जमिनीवर, जेवण दस्तरखानवर. भातलावणीला ती गावातल्या बायांबरोबर दिवसभर चिखलात वाकलेली असायची. घरात नाचणीची भाकरी आणि ताक. मटण ईदला किंवा पाहुणा आला तर. तिनं व्यायाम हा शब्द ऐकला नव्हता. तिच्या दिवसातच तो होता.

पण नानीच्या काळाचं गुणगान करायला बसलेली नाही मी. तिची चार मुलं लहानपणीच गेली. तिच्या बहिणी म्हाताऱ्या झाल्याच नाहीत. देश स्वतंत्र झाला तेव्हा आपलं सरासरी आयुष्य ३२ वर्षांच्या आसपास होतं, आता ते सत्तरच्या घरात आहे. गॅस आला, नळ आला, मिक्सर आला. ते यायलाच हवे होते. अम्मीच्या हातांना पहिल्यांदा विसावा मिळाला तो त्यांच्यामुळं. एवढंच झालं, की पाट्याबरोबर पाट्यापाशी बसणं-उठणंही गेलं आणि त्याची जागा दुसऱ्या कशानं भरली नाही. चाळिशीनंतरची तीस वर्षं आपल्याला वाढवून मिळाली; ती कोणत्या पायांवर उभी राहून काढायची, हे मात्र कोणी सांगितलं नाही.

बी.एड.ला आम्हाला अध्यापनाची सूत्रं पाठ करायला लावली होती. सोप्याकडून कठीणाकडे. ज्ञाताकडून अज्ञाताकडे. वर्गात मी ती इतकी वर्षं वापरते आहे. या वेळी ठरवलं, तीच स्वतःवर वापरायची. नवीन गोष्ट दिवसात घुसवायची नाही. दिवसात जे आधीच आहे, त्याला ती बांधायची. आमच्या दिवसाला तर पाच घंटा आहेतच. नमाज ही इबादत आहे, तिला कसरत म्हणणं मला आवडत नाही. पण अजान झाली की मी उठतेच. मग त्या उठण्याला आणखी दोन मिनिटं जोडायला काय हरकत?

पहिली सवय खुर्चीची. खुर्चीत बसायचं आणि हातांचा आधार न घेता उभं राहायचं, दहा वेळा. जुहर आणि असरच्या आधी. अम्मीच्या डॉक्टरांना विचारून तिलाही सामील केलं. तिला पहिल्या दिवशी तीनच जमले, तेही खुर्चीचे हात धरून. जमतील तेवढेच करायचे, दुखलं की थांबायचं, असं ठरलं.

दुसरी सवय रात्रीच्या जेवणानंतरची. जेवण झालं की पूर्वी मी वह्या तपासायला बसायची. आता आधी पंधरा मिनिटं चालते. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. जेवणानंतर लगेच चाललं तर साखरेची उसळी कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलं आहे, की प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं दमदार चालावं आणि दोन दिवस स्नायूंना ताकद येईल असं काही करावं. दिवसाला वाटून पाहिलं तर हिशेब फार मोठा नाही.

चालायचं कुठं, हा प्रश्न मात्र मोठा होता. सेनापती बापटांच्या १९२१च्या सत्याग्रहामुळं आमचा तालुका महाराष्ट्राला माहीत झाला. आता तो पावसाळी सहलींसाठी माहीत आहे. शनिवार-रविवारी ताम्हिणीकडं जाणाऱ्या गाड्यांची रांग अशी, की रस्त्याच्या कडेला पाय ठेवायला भीती वाटते. त्यात बुरख्यातली बाई एकटी चालताना दिसली, की चौकशा सुरू. "आपा, कहां जा रहे? कुछ हुआ क्या?" शेजारीण तर हसून म्हणाली, "फिरसे जवान होने का इरादा है क्या?" बाईनं स्वतःसाठी चालावं, हे कारण कोणाला पुरेसं वाटत नाही. मग मी घराच्या अंगणात चालू लागले आणि सकाळी शाळा भरण्याआधी व्हरांड्यात. आमच्याकडं पावसाचे चार महिने म्हणजे खरोखर चार महिने. व्हरांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ४२ पावलं. शाळेच्या मदतनीस मावशी आधी बघत राहायच्या, मग झाडू बाजूला ठेवून बरोबर येऊ लागल्या. त्यांचा रक्तदाब आधीच वाढलेला आहे. आता आम्ही दोघी मुलांच्या आणि सुनांच्या तक्रारी चालता चालता करतो.

तिसरी गोष्ट ताटाची. आमचा मुलूख भाताचा. आंबेमोहोर आणि इंद्रायणी शिजताना वास आला की डॉक्टरचं काही ऐकू येत नाही. भात सोडायचा म्हटलं तर दोन दिवसांत सगळा निश्चय कोसळला असता. म्हणून एक पळी कमी केली आणि तिच्या जागी मुगाची उसळ, अंडं किंवा घट्ट डाळ घेतली. रात्री नानीची नाचणीची भाकरी परत आणली. शाळेतला साखरेचा चहा सहा कपांवरून दोनवर आला. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या चमचाभर, एवढंच असावं असं सांगतात. लोणचं, पापड आणि सुकट एकाच ताटात असली, की तो चमचा केव्हाच ओलांडलेला असतो.

सर्वांत अवघड गेली ती मिश्री. माझी नाही, अम्मीची. गावाकडच्या आपल्या बायांत जात-धर्म न पाहता जी सवय सारखी आहे, ती ही. सकाळी उठून तंबाखूची ती काळी भुकटी हिरड्यांना लावल्याशिवाय अम्मीचा दिवस सुरू व्हायचा नाही. मी भाषण दिलं, ती गप्प बसली आणि डबी लपवून ठेवू लागली. वर्गातल्या मुलाशी मी असं कधी वागले नसते. मग सूत्र आठवलं, सोप्याकडून कठीणाकडे. दिवसाची चार वेळांची तीन झाली, तीनची दोन. सकाळची अजून सुटलेली नाही. मी डबी शोधत नाही, तीही लपवत नाही.

आणि शेवटची सवय तपासणीची. धाकट्याच्या वाढदिवसाच्या महिन्यात माझी आणि अम्मीची रक्त तपासणी, रक्तदाब आणि डोळे. तारीख त्याच्या जन्माला बांधली, कारण विसरण्याची सुरुवात तिथूनच झाली होती. माझ्या शाळेतल्या तीन शिक्षिकांना मी विचारलं, गरोदरपणात साखर होती का? दोघी हो म्हणाल्या. दोघींनीही नंतर तपासलं नव्हतं. आता तपासलं आहे.

मध्येच रमजान आला आणि सारं विस्कटलं. इफ्तारची भजी, सरबत, तराबीनंतरचं जागरण, सहरीची घाई. रोजा पोटाला विसावा देतो म्हणतात. आम्ही तो विसावा मगरिबला वसूल करून घेतो. औषध चालू असलेल्या अम्मीनं रोजे धरावेत की नाही, हे डॉक्टरांना आधी विचारलं. त्यांनी नको म्हटलं तेव्हा ती पुन्हा रडली. ईदनंतर मी सगळं पहिल्यापासून सुरू केलं. नापास झालेल्या मुलाला आपण त्याच वर्गात परत बसवतोच की.

आठ महिन्यांनी माझा आकडा ५.८ आला. उंबरठा अजून पुरता ओलांडून मागं आलेली नाही, पण दारातून दोन पावलं आत सरकले आहे.

अम्मी जमिनीवर परतली, असं लिहायला मला आवडलं असतं. ती परतली नाही. गुडघ्यांची झीज भरून येत नाही आणि तिची नमाज खुर्चीवरच होते. पण पूर्वी रात्री मोरीकडं जायचं असलं की ती मला हाक मारायची. मी उठेपर्यंत ताटकळायची. आता काही महिने झाले, रात्रीची हाक आलेली नाही. तिची ती उठते, जाते, येते. परवा मी हे तिला म्हटलं, तर म्हणाली, "तेरेकू सोने दिया बेटी. सुबे इस्कूल रहती ना."

मी फज्रला आता खोलीच्या मध्यभागी जानमाज अंथरते. भिंत हाताला येणार नाही अशी.