चिखलदऱ्याची थंडी आणि शहात्तरीचे पाय

हिमाचलातील स्पितीच्या खोऱ्यात हिवाळ्यात धबधबे गोठतात. हातात कुऱ्हाडी घेऊन, बुटांना लोखंडी काटे लावून तरुण मंडळी त्या बर्फाच्या भिंती चढतात. तेही भल्या पहाटे, कारण उन्हाने बर्फ सैल होतो. आपल्या वऱ्हाडात धबधबा गोठत नाही. परंतु सुमारे अकराशे मीटर उंचीवरील चिखलदऱ्याची हवा अमरावतीपेक्षा चार-पाच अंशांनी गार असते, आणि डिसेंबर-जानेवारीत तिकडे निघालेल्या गाडीत आजी-आजोबांना जागा असतेच असे नाही. ‘तुम्हाला थंडी बाधेल’ हे काळजीपोटीच म्हटले जाते. ऐकणाऱ्याला मात्र आपण अडगळ झालो असे वाटते.

गेल्या पौषात आम्ही यांना घेऊन गेलो. वय शहात्तर, रक्तदाब जुना. निघण्यापूर्वी डॉक्टरांची संमती घेतली होती. तरीही पहिल्याच सकाळी मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, तुम्ही खोलीतच बसा.’’ त्यावर हे थेट गावच्या बोलीवर आले, ‘‘मले खोलीत बसवाले आनलं काय?’’

तडजोड वेळेची झाली. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयाला अधिक श्रम पडतात. म्हणून सूर्योदय पाहण्याचा हट्ट सोडून आम्ही दहाच्या उन्हात गाविलगडाकडे निघालो. डोक्याला मफलर, अंगात एका जाड स्वेटरऐवजी दोन पातळ, म्हणजे ऊब वाढली की एक काढता येतो. बोलता बोलता चालता येईल एवढाच वेग ठेवला. १८०३ साली वेलस्लीच्या फौजेने घेतलेला हा किल्ला. यांनी पहिल्या दरवाज्यापाशी दगडावर बसून तो सारा इतिहास नातवाला ऐकवला. पुढे जाण्याची गरज उरली नाही.

खरी कसोटी उतरताना असते. चढताना दम लागतो, तो कळतो. उतरताना गुडघे आणि मांड्या थकतात आणि तोल अवचित जातो. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. सोबत्याने मागून दंड धरू नये, एक पायरी खाली, किंचित बाजूला राहावे. छातीत दाटले, जबडा वा डावा हात दुखू लागला, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणत बसू नये. तत्काळ थांबून दवाखाना गाठावा.

आणखी एक गोष्ट घराघरांत घडते. परतवाड्यानंतर घाट लागतो, वाटेत शौचालयाची सोय कुठे असेल या संकोचाने वडीलधारी माणसे लघवीची गोळी गुपचूप टाळतात, पाणीही पीत नाहीत. गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना आधीच विचारावे आणि गाडी न मागता थांबवावी.

आता यांनी अकोट तालुक्यातला नरनाळा काढला आहे. तो अभयारण्यात येतो, तेव्हा वनखात्याची परवानगी आणि वेळा पाहणे मुलाकडे. यांची रक्ततपासणी माझ्याकडे.