रीबूटनंतर काय उठेल?

सर्व्हिस आत्ता चालू असणं वेगळं आणि मशीन उठताच ती आपोआप चालू होणं वेगळं. लिनक्स सांभाळणाऱ्याने सगळ्यात आधी हा फरक अंगी बाणवावा, असं मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक मुलाला सांगतो. ‘सिस्टमसीटीएल स्टार्ट’ दिलं की सर्व्हिस सुरू होते. पण रात्री वीज जाऊन मशीन पुन्हा उठलं, तर ती उठेलच असं नाही. त्यासाठी ‘एनेबल’ द्यावं लागतं. ते बहुतेक वेळा ‘मल्टी-यूजर’ टार्गेटच्या ‘वॉन्ट्स’ डिरेक्टरीत युनिट फाइलची एक सिमलिंक ठेवतं, एवढंच. अख्ख्या बँकेचा सर्व्हर पहाटे उठणार की नाही, हे अशा सिमलिंकांवर ठरतं. या साधेपणावर माझं मनापासून प्रेम आहे.

पूर्वी ‘आरसी थ्री डॉट डी’ डिरेक्टरीत ‘एस’ आणि ‘के’ने सुरू होणारी नावं असत, पुढे दोन आकडी क्रमांक. त्या क्रमाने एकामागून एक स्क्रिप्ट चाले. २०१० साली लेनार्ट पटरिंग आणि के सीव्हर्स यांनी त्या पद्धतीच्या जागी सिस्टमडी आणलं. २०११ मध्ये फेडोरा १५ने ते घेतलं, २०१५ मध्ये डेबियन ८ने, तेही कडाक्याच्या वादानंतर. जुन्या मंडळींची हळहळ मला समजते. तरी माझा कौल सिस्टमडीलाच. क्रमांकावरून कोण आधी हे कळे, का आधी हे कळत नसे.

आता ते ‘का’ युनिट फाइलमध्ये लिहावं लागतं, आणि नीट लिहावं लागतं. ‘रिक्वायर्स’ म्हणजे गरज, ‘आफ्टर’ म्हणजे क्रम. नुसतं रिक्वायर्स लिहिलं तर डेटाबेस आणि त्यावर चालणारं ॲप्लिकेशन एकदमच सुरू होतात, आणि जोडणी न मिळाल्याने ॲप्लिकेशन कोसळू शकतं. नेटवर्कचंही तेच. ‘नेटवर्क’ टार्गेटनंतर सुरू केलं म्हणून आयपी पत्ता मिळालेलाच असेल, हे गृहीत धरता येत नाही. त्यासाठी ‘नेटवर्क-ऑनलाइन’ टार्गेट मागावं लागतं.

बंद करतानाही डोळे उघडे हवेत. सर्व्हिस डिसेबल केली, पण तिचं सॉकेट युनिट चालू राहिलं, तर पहिली जोडणी येताच ती उठते. खरोखर अडवायची असेल तर ‘मास्क’ करावी.

तुमचं मशीन कित्येक महिन्यांत रीबूट झालं नसेल, तर वेळ ठरवून, सगळ्यांना कळवून, भर दिवसा ते एकदा रीबूट करा आणि काय उठलं नाही ते पाहा.